बंद केलेला फोटो जातो कुठे?

2018 च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. त्यांनी टिपलेल्या फोटोंची संख्या 3,48,58,623 भरली आणि कॅमेरा ट्रॅपने केलेले जगातले सर्वांत मोठे वन्यजीव सर्वेक्षण म्हणून गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. त्यांतले वाघाचे फोटो 76,651 आणि बिबट्याचे 51,777. म्हणजे हजार फोटो चाळावेत तेव्हा वाघाचे जेमतेम दोन हाती लागतात. सरासरी काढली तर एकेका ठिकाणाच्या वाट्याला सुमारे 1,300 फोटो येतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभाक्षेत्रच 625 चौरस किलोमीटरचे. गणनेसाठी जंगलाच्या दोन-दोन चौरस किलोमीटरच्या चौकटी पाडतात आणि कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात, कारण वाघाच्या उजव्या कुशीवरचे पट्टे डाव्या कुशीशी जुळत नाहीत. ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. पट्टे जुळवायला लेक्स हिबी यांची 'एक्स्ट्रॅक्ट-कम्पेअर' ही प्रणाली वापरात आहे. ती फोटोतल्या वाघाच्या अंगावर शरीराचा त्रिमितीय साचा बसवते आणि मग कातड्यावरची नक्षी सपाट करून ताडून पाहते. प्राण्यांची प्राथमिक वर्गवारी करायलाही आता सॉफ्टवेअर आले आहे. तरीही कुठेतरी कुणीतरी पडद्यासमोर बसून पुढचा फोटो, पुढचा फोटो करत जातोच. आणि जंगलाच्या कामाशी काही संबंध नसलेली एक अडचण नेमकी तिथे उभी राहते: सकाळी सुरळीत चालणारा प्रोग्राम दुपारपर्यंत रखडू लागतो, माउस अडकत चालतो, शेवटी सगळे हँग होते. बंद करून पुन्हा सुरू केले की पुन्हा ताजातवाना. मशीन जुने झाले, रॅम वाढवा, असा सल्ला लगेच मिळतो. बहुतेक वेळा दोष रॅमचा नसतोच.

आधी एका फोटोचा हिशेब करू. 4,000 गुणिले 3,000 बिंदूंचा फोटो डिस्कवर तीन-चार एमबीचा दिसतो, कारण जेपीजी पद्धतीने तो घट्ट आवळून ठेवलेला असतो. पडद्यावर दाखवायचा तर तो उलगडावा लागतो, आणि उलगडल्यावर प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट लागतात. एक कोटी वीस लाख बिंदूंचे 4 कोटी 80 लाख बाइट, म्हणजे 48 एमबी. फोल्डर उघडणाऱ्याला चार एमबी दिसते, मेमरीवर भार पडतो तो बारा पटींनी. एका ठिकाणचे 1,300 फोटो उलगडून ठेवायचे म्हटले तर 62 जीबी लागतील. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज आणि बाकीचे प्रोग्राम वजा जाता अडीच जीबी उरते असे धरले, तर बावन्न फोटोंत ती भरते. त्रेपन्नाव्या फोटोला विंडोज मेमरीतला काही ऐवज डिस्कवर हलवू लागते, आणि डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी संथ असल्याने सारे काम रांगू लागते.

मग पाहून झालेला फोटो लगेच टाकून का देत नाहीत? कारण पाहणारा मागे येतो. चौथ्या फोटोत झुडपाआड काहीतरी पिवळे दिसते, सातव्यात शेपूट दिसते, मग चौथा पुन्हा पाहावासा वाटतो. प्रत्येक वेळी फाइल वाचून उलगडण्यात वेळ जातो, म्हणून उलगडलेली प्रत थोडा वेळ हाताशी ठेवतात. हा साठा म्हणजे कॅश. चित्रांशी संबंध असलेला प्रोग्राम सहसा कॅशशिवाय चालत नाही: फोटो पाहण्याचा असो, नकाशाचा असो, वा फॉन्टमधली अक्षरे पडद्यावर उमटवण्याचा. कॅशचा निर्णय बरोबरच असतो. चूक होते ती पुढच्या टप्प्यावर, सोडून देण्याच्या.

बऱ्याच गावांत लग्नकार्याची मोठी भांडी सामायिक असतात. ज्याने नेले त्याचे नाव वहीत, परत आले की नावावर काट. ज्या भांड्यापुढे एकही नाव उरले नाही ते दुसऱ्या घरी द्यायला मोकळे. मेमरीचा कारभार याच वहीने चालतो. मेमरीतल्या एखाद्या वस्तूचा पत्ता प्रोग्रामच्या ज्या ज्या भागाने धरून ठेवला, तो प्रत्येक भाग म्हणजे वहीतले एक नाव. प्रोग्रामर त्याला रेफरन्स म्हणतात. घोटाळा होतो तो भांडे परत येऊनही काट मारायची राहते तेव्हा. भांडे कोपऱ्यात पडून असते, वहीप्रमाणे मात्र ते वापरात आहे. मेमरी लीक म्हणतात ती हीच.

ही वही ठेवण्याच्या दोन पद्धती 1960 या एकाच वर्षी प्रसिद्ध झाल्या. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी सुचवले की मधूनमधून काम थांबवावे, वापरात असलेल्या नावांपासून सुरुवात करून रेफरन्सच्या धाग्याने जिथवर पोहोचता येईल तिथवर खुणा कराव्यात, आणि खूण न झालेली सगळी मेमरी मोकळी करावी. जॉर्ज कॉलिन्स यांनी प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या रेफरन्सची संख्याच लिहून ठेवायला सांगितले. संख्या शून्य झाली की त्याच क्षणी वस्तू मोकळी. आज जावा, जावास्क्रिप्ट पहिल्या वाटेने जातात. पायथन मुख्यतः दुसऱ्या वाटेने जाते. दुसऱ्या वाटेला एक अडसर आहे: दोन वस्तूंनी एकमेकींना धरले तर दोघींची संख्या कधीच शून्य होत नाही. म्हणून 2000 साली आलेल्या पायथन 2.0 मध्ये अशी वर्तुळे शोधणारा वेगळा कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी गोळा करून मोकळी करणारा भाग, जोडावा लागला.

दोन्ही पद्धतींना एकच प्रश्न विचारता येतो: या वस्तूपर्यंत अजून पोहोचता येते का? ती पुढे लागणार आहे का, हे त्यांना कळायला वाव नाही. साठ वर्षांत कलेक्टर फार वेगवान झाले, पण हा दुसरा प्रश्न जिथल्या तिथे आहे, कारण त्याचे उत्तर फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यापाशी असते. ते त्याने लिहून ठेवले नाही तर कोणतेही यंत्र ते शोधून काढणार नाही.

एक साधी कडी जवळून पाहू. फोटोला प्राण्याचे नाव लावायचा प्रोग्राम आहे. प्रत्येक फोटो स्वतंत्र खिडकीत उघडतो आणि खिडकीच्या कोपऱ्यात प्रजातींची यादी असते: चितळ, सांबर, नीलगाय, रानकुत्रा, अस्वल. यादी सगळ्या खिडक्यांना सामायिक. कुणी तीत 'चौशिंगा' हे नवे नाव घातले तर उघड्या असलेल्या प्रत्येक खिडकीत ते दिसायला हवे. त्यासाठी खिडकी उघडताना यादीला सांगते, 'काही बदलले तर मला कळव', आणि यादी त्या खिडकीचा रेफरन्स आपल्यापाशी ठेवते. आता पाहणारा फुलीवर क्लिक करतो, खिडकी दिसेनाशी होते. पण 'आता मला कळवू नको' हे सांगणारी एक ओळ लिहायची राहिली आहे. प्रोग्राम चालू असेपर्यंत यादी जिवंत, यादीने खिडकी धरलेली, खिडकीने बिटमॅप, म्हणजे उलगडलेला फोटो, धरलेला. आठ बाइटच्या एका रेफरन्सने 48 एमबी अडकवले. कलेक्टर येतो, यादीपासून चालत बिटमॅपपर्यंत पोहोचतो, वापरात आहे असे समजून खूण करतो आणि निघून जातो. त्याच्याकडून नियमभंग काहीच झालेला नाही.

हीच कडी हातातल्या फोनवरही सापडली होती. 2010 साली राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी 'एम-स्ट्राइप्स' ही गस्तीच्या नोंदींची प्रणाली आणली, आणि तिचे मोबाइल ॲप आज व्याघ्र प्रकल्पांत अँड्रॉइड फोनवर चालते. त्या अँड्रॉइडच्या अगदी सुरुवातीच्या काळात, जानेवारी 2009 मध्ये, गूगलमधले अभियंते रोमँ गी यांनी एक लेख लिहिला. तेव्हाच्या टी-मोबाइल जी-1 फोनवर एका ॲपला फक्त 16 एमबी मेमरी मिळत असे. फोन आडवा केला की अँड्रॉइड चालू स्क्रीन मोडून नवी बांधते. आता एखाद्या प्रोग्रामरला वाटले, पार्श्वभूमीचे चित्र दर वेळी नव्याने का उलगडायचे? त्याने ते चित्र कायमच्या नावात ठेवून दिले. विचार रास्तच होता. पण चित्र बदलले तर कळवायचे कुणाला म्हणून चित्राने लेबल धरले होते, लेबलने आपली स्क्रीन धरली होती, आणि स्क्रीनला तिच्यातले झाडून सगळे लटकलेले. चित्र वाचवायला गेले आणि मोडलेली अख्खी स्क्रीन मेमरीत राहिली. गी यांनी सांगितलेला उपाय छोटा होता: स्क्रीन मोडताना चित्राची ती कळवण्याची जागा रिकामी करा. पुढे अँड्रॉइडनेच ती जागा कच्च्या रेफरन्सची करून टाकली.

कच्चा रेफरन्स ही मला या सगळ्या विद्येतली फार सुंदर कल्पना वाटते. तो वस्तूकडे बोट दाखवतो, पण वहीत त्याची गणती होत नाही. बाकी सर्वांनी वस्तू सोडली की ती जाते, आणि कच्चा रेफरन्स उघडून पाहिला तर रिकामा निघतो. वरच्या उदाहरणातल्या प्रजातींच्या यादीने खिडक्या कच्च्या रेफरन्सने धरल्या असत्या तर ती विसरलेली ओळ महागात पडली नसती. मात्र खुद्द कॅश अशा कच्च्या रेफरन्सवर बांधायला जाऊ नये. पाहणाऱ्याने फोटो मिटला की धरणारे कुणी उरत नाही, कलेक्टर पुढच्याच फेरीत तो नेतो, आणि पाऊल मागे घेतले की पुन्हा उलगडत बसावे लागते. अँड्रॉइड 2.3 पासून कलेक्टर असे रेफरन्स फार लवकर रिकामे करू लागला, म्हणून गूगलने विकसकांना ती पद्धत सोडून मर्यादा घातलेली कॅश वापरायला सांगितले.

मर्यादा कशाने मोजायची, यातच पुष्कळ चांगले प्रोग्राम घसरतात. 'शंभर चित्रे ठेवा' हा नियम थंबनेलला ठीक आहे: 160 गुणिले 120 बिंदूंचे थंबनेल 77 केबीचे, शंभरांचे पावणेआठ एमबी. त्याच कॅशमध्ये पूर्ण फोटो येऊ लागले की शंभरांचे 4.8 जीबी. नियम पाळला जातो आणि मशीनही बसते. मोजावे ते उलगडलेल्या बाइटनी, संख्येने किंवा फाइलच्या आकाराने नव्हे.

मर्यादा भरल्यावर काय टाकायचे? आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी 1966 मध्ये दाखवले की जे सर्वांत उशिरा लागणार आहे ते टाकणे हाच उत्तम निर्णय. पण त्यासाठी भविष्य ठाऊक हवे. म्हणून प्रोग्राम मागे वळून पाहतात आणि सर्वांत जास्त वेळ ज्याला हात लागला नाही ते टाकतात. जे लागून बराच काळ गेला ते पुढेही लवकर लागणार नाही, असा अंदाज. बहुतेक कामांत तो खरा ठरतो. कॅमेरा ट्रॅपच्या कामात मात्र तो साफ फसू शकतो. पन्नास फोटोंची कॅश आणि 1,300 फोटो पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने, मग पुन्हा पहिल्यापासून: दुसऱ्या फेरीत एकही फोटो कॅशमध्ये सापडत नाही, कारण जो हवा तो नेमका आधीच टाकलेला असतो. अशा ठिकाणी मागचे दोन-चार ठेवून पुढचे दोन-चार आधीच उलगडून घेणे पन्नासांच्या साठ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. कॅश किती मोठी, यापेक्षा पाहणारा कसा पाहतो हे आधी समजून घ्यावे लागते.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत आले की चित्रांची जात बदलते. इथे प्रश्न नकाशाचा आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो 1,809.61 हेक्टरवर. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांनी आपापल्या वनाच्या हद्दी कागदावर आणल्या, आणि हद्द म्हटली की जीपीएसचे बिंदू, गट नंबर आणि खाली पसरलेले उपग्रहचित्र आलेच. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे कुणालाही फुकट मिळतात. त्यातला एक बिंदू म्हणजे जमिनीवरचा दहा मीटरचा चौकोन, एका हेक्टरात बरोबर शंभर. म्हणजे मेंढ्याचे वन 1,80,961 बिंदूंचे. एका रंगपट्ट्याला बिंदूमागे दोन बाइट धरले तर सारे वन 0.36 एमबीत मावते. पण चित्र मिळते ते 10,980 गुणिले 10,980 बिंदूंच्या फरशीत, आणि तिचा एकेक पट्टा 241 एमबीचा. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून 25,855 चौरस किलोमीटर. दहा मीटरचे चारही पट्टे घेतले तर दोन जीबींच्या वर.

तरीही क्यूजीआयएससारखा मुक्त प्रोग्राम साध्या लॅपटॉपवर हे चित्र सरकवून दाखवतो, यामागे एक विलक्षण साधे गणित आहे. 1,920 गुणिले 1,080 बिंदूंच्या पडद्याला एका वेळी फक्त 8.3 एमबी लागते, चित्र कितीही अवाढव्य असो. त्यामुळे आधीच निम्म्या, पाव, अष्टमांश मापाच्या प्रती करून ठेवतात आणि पडद्याला पुरेल तेवढाच तुकडा वाचतात. प्रत्येक पायरीला बिंदू चौथाईवर येत असल्याने अशा सगळ्या प्रती मिळून मूळ चित्राच्या फक्त एक-तृतीयांश जागा जास्त खातात. वाचनाचे काम करते ती जीडीएएल ही लायब्ररी, फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998 मध्ये सुरू केलेली. तिची कॅश मशीनच्या रॅमच्या पाच टक्क्यांवर थांबते, म्हणजे चार जीबीच्या मशीनवर सुमारे 200 एमबी. भरली की जुने तुकडे जातात. चांगल्या कॅशचा हा नमुना आहे.

गळती शिरते ती जीडीएएलवर लिहिलेल्या छोट्या पायथन स्क्रिप्टमधून. तीनशे गावांच्या हद्दींनी उपग्रहचित्र कापून तीनशे फाइली करायच्या आहेत. स्क्रिप्ट लिहिणारा प्रत्येक फाइल उघडतो आणि पुढे कधी लागेल म्हणून उघडलेली वस्तू एका यादीत टाकत जातो. जीडीएएलची फाइल बंद करण्याची जुनी रीत अशी की तिच्या नावात पायथनचे 'नन', म्हणजे काहीच नाही, भरायचे. रेफरन्स संपला की फाइल आपोआप मिटते. यादीने तो धरून ठेवला तर फाइल मिटतच नाही. यात मेमरी अडकते, आणि त्याहून वाईट म्हणजे शेवटचे तुकडे डिस्कवर उतरायचेच राहतात. फाइल फोल्डरमध्ये दिसते, पण उघडली तर हद्दीचा काही भाग काळा येतो. तीनशे फाइलींत तो प्रकार कुणाच्या लक्षातही येणार नाही. जीडीएएल 3.8 पासून फाइल स्पष्टपणे बंद करण्याची सोय पायथनमध्ये आली आहे. ती जरूर वापरावी. वनहक्काच्या नकाशात पडलेला काळा तुकडा पुढे कोणत्या फायलीत जाऊन बसेल, सांगता येत नाही.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी हे आणखी वेगळे प्रकरण. तिथे चढवलेले चित्र कलेक्टरला दिसत नाही. त्याला दिसते ती त्या चित्राची काही बाइटची चिठ्ठी. चिठ्ठी लहान म्हणून तिला उचलण्याची त्याला घाई नसते, आणि इकडे कार्ड भरून जाते. असली मेमरी कलेक्टरच्या भरवशावर न सोडता, काम संपले की हाताने मोकळी करावी.

आता शोध कसा घ्यायचा. टास्क मॅनेजरमधला आकडा वाढलेला दिसला म्हणजे गळती सिद्ध झाली, असे नाही. मोकळी झालेली मेमरी प्रोग्राम अनेकदा लगेच विंडोजला परत करत नाही, पुढच्या कामासाठी स्वतःकडे राखतो. म्हणून एकच कृती पुन्हापुन्हा करावी: वीस फोटो उघडा, वीसही बंद करा, आकडा लिहा, पुन्हा वीस. पहिल्या फेरीत आकडा चढून नंतर सपाट राहिला तर ती कॅश भरली, इतकेच. दर फेरीला पायरी चढत राहिली तर गळती. मग मेमरीचे चित्रण घेऊन बंद केलेल्या खिडक्यांपैकी किती अजून जिवंत आहेत ते मोजायचे आणि त्यांच्यापासून उलटे चालत जायचे: हिला कुणी धरले, त्याला कुणी धरले. 2015 मध्ये आलेले 'लीककॅनरी' हे साधन अँड्रॉइडवर हेच आपोआप करते. स्क्रीन मोडली की तिच्याकडे एक कच्चा रेफरन्स ठेवते, थोडे थांबते, कलेक्टरला बोलावते, आणि रेफरन्स अजून भरलेलाच दिसला तर धरणाऱ्यांची सर्वांत छोटी साखळी छापून देते.

चित्रांच्या प्रोग्रामात आणखी एक सोय आहे. पायरी किती उंच आहे, यावरूनच बऱ्याचदा काय अडकले ते ओळखता येते. दर फोटोमागे 48 एमबी चढत असेल तर पूर्ण बिटमॅप राहिला आहे, आठ एमबीच्या आसपास असेल तर पडद्याच्या मापाची प्रत, आणि 77 केबी असेल तर थंबनेलची पट्टी.